मिथायलेशन टेस्ट म्हणजे काय? कोणती करावी, कोणती नको, आणि रिपोर्ट आल्यावर काय करायचं?



‘सतत थकवा येतो? लक्ष लागत नाही? तुमचं मिथायलेशन बिघडलेलं असू शकतं!’ अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. माझ्याकडे ती आली तेव्हा मी खरंच थकलेला होतो आणि पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. मी रीलखालच्या लिंकवरून साधारण पाच हजारांचं किट मागवलं, ट्यूबमध्ये थुंकलो आणि कुरिअर केलं. तीन आठवड्यांनी ॲपमध्ये लाल रंगात रिपोर्ट आला: ‘एमटीएचएफआर – मिथायलेशन क्षमता कमी’. त्याच स्क्रीनवर खाली ‘आत्ताच खरेदी करा’ हे बटण होतं आणि बटणामागे मिथाइलफोलेटच्या गोळ्या. चार महिने इमानदारीत घेतल्या. तोपर्यंत मुंग्या बोटांवरून घोट्यापर्यंत आल्या होत्या.

खरं कारण नंतर सापडलं, तेही काही शे रुपयांच्या साध्या रक्ततपासणीत. त्यामुळे या लेखात मिथायलेशन म्हणजे काय, त्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या टेस्ट नेमकं काय मोजतात आणि त्यातली आपल्याला उपयोगाची कोणती, हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. जे लिहिलंय ते वाचून, विचारून आणि थोडंफार भोगून लिहिलंय.

मिथायलेशन म्हणजे नेमकं काय?

एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन, एवढ्याशा तुकड्याला मिथाइल गट म्हणतात. हा तुकडा एका रेणूकडून घेऊन दुसऱ्या रेणूला लावणं म्हणजे मिथायलेशन. ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. नॉरॲड्रेनलिनचं ॲड्रेनलिन होतं ते असंच. स्नायूंना लागणारं क्रिएटिन आणि झोपेचं मेलाटोनिन तयार होतानाही शेवटच्या टप्प्यात मिथाइल गट लागतो. शरीरात हे काम रात्रंदिवस चालू असतं.

डीएनएवरही हे मिथाइल गट बसतात. डीएनएची चार अक्षरं आहेत. त्यातल्या ‘सी’ या अक्षरावर, बहुतेक वेळा त्याच्या पुढचं अक्षर ‘जी’ असेल तिथे, मिथाइल गट चिकटतो. अशा जागांना सीपीजी म्हणतात आणि माणसाच्या डीएनएमध्ये त्या जवळपास २ कोटी ८० लाख आहेत. जनुक सुरू होतं त्या भागात असे गट दाटीने बसले की ते जनुक सहसा गप्प होतं. व्हॉट्सॲपचा ग्रुप म्यूट करतो ना, तसं समजा. ग्रुप डिलीट झालेला नसतो, मेसेजही तेच असतात, फक्त आवाज येत नाही. तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए एकच असतो. कोणत्या पेशीत कोणतं जनुक म्यूट आहे, यावरून त्या वेगळं काम करतात.

आता हा मिथाइल गट आणून देतं कोण? एसएएम नावाचा रेणू. (पूर्ण नाव एस-अडेनोसिल मेथिओनिन, पण ते पाठ करायची गरज नाही.) एसएएमला डिलिव्हरीवाला समजा. पार्सल दिलं की तो रिकामा होतो आणि पुढे त्याचं होमोसिस्टीन बनतं. हे होमोसिस्टीन पुन्हा भरून कामाला लावायचं, तर नवा मिथाइल गट फोलेटकडून येतो. पण फोलेट तो थेट देऊ शकत नाही. मध्ये बी१२ लागतं. फोलेट बी१२ला देतं, बी१२ होमोसिस्टीनला देतं आणि चाक पुढे फिरतं. याशिवाय एक बाजूचा रस्ता आहे: यकृतात बिटेन नावाचा पदार्थही हे काम करतो. आणि नको असलेलं होमोसिस्टीन बी६च्या मदतीने दुसरीकडे वळवता येतं.

बी१२ नसेल तर काय होतं? फोलेट मिथाइल गट हातात घेऊन उभं राहतं आणि तो घ्यायला कुणी येत नाही. अभ्यासक याला मिथाइल-फोलेटचा सापळा म्हणतात. फोलेट भरपूर, पण अडकलेलं. होमोसिस्टीन साचत जातं. माझ्या बाबतीत अगदी हेच चाललेलं होतं आणि मी मात्र पैसे देऊन अजून फोलेट ओतत होतो.

एक नाव, तीन वेगळ्या टेस्ट

ऑनलाइन ‘मिथायलेशन टेस्ट’ शोधलं की जे समोर येतं त्यात तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. गोंधळाची सुरुवात इथेच होते.

पहिली, जनुकाची टेस्ट. मी केलेली हीच. हिच्यात मिथायलेशन मोजतच नाहीत! एमटीएचएफआर हे जनुक एक एन्झाइम बनवतं आणि ते एन्झाइम फोलेटला मिथाइल गट जोडून तयार ठेवतं. या जनुकात सी६७७टी नावाचा एक बदल असतो, तो १९९५ मध्ये सापडला. आईकडून किंवा वडिलांकडून एकच प्रत आली असेल, तर प्रयोगशाळेत एन्झाइमचं काम साधारण ६५ टक्के दिसतं. दोन्ही प्रती तशाच असतील तर ३० टक्क्यांच्या आसपास. हे आकडे वाचून माझ्यासारखा माणूस घाबरणारच. पण प्रत्यक्ष शरीरात काय दिसतं? तेवढंच फॉलिक ॲसिड खाल्लं तर दोन्ही प्रती असलेल्यांच्या रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा सरासरी १६ टक्के कमी असतं. बस्स. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था स्पष्ट सांगते की हा बदल असलेली माणसंही साधं फॉलिक ॲसिड नीट वापरू शकतात. तिथल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं होतं की रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार गर्भपात यांचं कारण शोधताना ही टेस्ट नेहमीच्या तपासण्यांत घेऊ नका.

शिवाय जनुकाची अक्षरं जन्मभर तीच राहतात. म्हणून ‘आमचा कोर्स करा आणि सहा महिन्यांनी एमटीएचएफआर पुन्हा तपासा’ असं कुणी सांगत असेल तर तिथून सरळ बाहेर पडा.

दुसरी, जैविक वयाची टेस्ट. हिच्यात डीएनएवरचं मिथायलेशन खरोखर मोजतात. टेक्नॉलॉजी म्हणून मला ही प्रचंड आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डीएनए वाचणाऱ्या नेहमीच्या मशीनला मिथाइल गट तसा दिसत नाही. म्हणून एक युक्ती करतात. डीएनएवर सोडियम बायसल्फाइट टाकतात. ज्या ‘सी’ वर मिथाइल गट नाही, तो बदलून जातो आणि मशीनला ‘टी’ दिसतो. ज्याच्यावर गट आहे तो टिकतो आणि ‘सी’ च दिसतो. आता मूळ अक्षरांशी ताडून बघितलं की कुठे गट होता ते कळतं. हे वाचन एका चिपवर होतं. सध्याच्या चिप ९ लाखांहून जास्त जागा एकाच वेळी तपासतात आणि प्रत्येक जागेला ० ते १ मधला एक आकडा मिळतो. ०.८ म्हणजे सॅम्पलमधल्या साधारण ८० टक्के प्रतींमध्ये ती जागा मिथाइल झालेली आहे.

पुढचं काम गणिताचं. स्टीव्ह हॉर्वाथ या शास्त्रज्ञाने २०१३ मध्ये हजारो सॅम्पल घेऊन शोधलं की कोणत्या जागांचे आकडे वयाबरोबर ठरावीक पद्धतीने बदलतात. त्याच्या घड्याळात ३५३ जागा आहेत. प्रत्येक जागेला एक वजन. आकडा गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, त्यावर थोडी आकडेमोड, की वय आलं. एक्सेल शीटमध्ये बसेल असं गणित आहे. नंतर फेनोएज, ग्रिमएज, ड्युनेडिनपेस अशी नवी घड्याळं आली. ती नुसतं वय न सांगता आजारपणाचा, मृत्यूचा धोका किंवा म्हातारपणाचा वेग मोजायचा प्रयत्न करतात. हजारो लोकांच्या अभ्यासात ती खरंच उपयोगी पडतात.

पण एकट्या तुमच्या किंवा माझ्यासाठी? २०२२ च्या एका अभ्यासात तेच सॅम्पल दोनदा मोजून बघितलं, तर नावाजलेल्या सहा घड्याळांच्या उत्तरांत काही वेळा ९ वर्षांपर्यंत फरक पडला. रक्त तेच, माणूस तोच, फक्त मशीनमध्ये दुसऱ्यांदा घातलं. (त्याच अभ्यासकांनी हा फरक कमी करायची पद्धतही दिली, पण तुमची कंपनी ती वापरते का, हे विचारावं लागेल.) दुसरी अडचण अशी की रक्तात पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येकाचं मिथायलेशन वेगळं. व्हायरल ताप येऊन गेला, पेशींचं प्रमाण बदललं, की घड्याळाचा काटा हलू शकतो.

आता जाहिराती बघा. ‘आठ आठवड्यांत तीन वर्षं तरुण’ हा दावा बहुधा २०२१ च्या एका अभ्यासावरून येतो. त्यात एकूण ४३ पुरुष होते. ४३! याउलट युरोपातल्या एका मोठ्या प्रयोगात ७७७ ज्येष्ठांना तीन वर्षं ओमेगा-३ वगैरे दिलं, तेव्हा काही घड्याळांवर फरक दिसला तो साधारण तीन-चार महिन्यांचा. तीन-चार महिन्यांचा फरक आणि काही वर्षांची चूक करणारं घड्याळ, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि मग ‘ॲड टू कार्ट’ करा. मी केलं नाही.

तिसरी टेस्ट म्हणजे साधं रक्त: बी१२, फोलेट आणि होमोसिस्टीन. हिच्या पॅकेटवर डीएनएची गोल शिडी छापलेली नसते. रील तर कुणी बनवतच नाही. पण मघाशी सांगितलेलं चाक फिरतंय की अडलंय, हे हीच टेस्ट सांगते.

डॉक्टरांकडे काय झालं

आईने हट्टाने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी मोबाईल पुढे केला. ‘डॉक्टर, माझं मिथायलेशन स्लो आहे.’

‘ते राहू दे. चप्पल काढ आणि झोप इथे.’

त्यांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. ‘थरथर जाणवतेय?’ मला फक्त गार धातू जाणवत होता. गुडघ्यावर टेकवला तेव्हा थरथर कळली. मग पाय जोडून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि मी झोकांडी खाल्ली. सव्विसाव्या वर्षी.

‘मांसाहार?’

‘नाही. घरात कुणीच करत नाही. पण दूध आहे ना!’

‘किती?’

मी हिशोब केला. दिवसाला तीन चहा. त्यातलं दूध सगळं मिळून अर्धी वाटीही भरलं नसतं.

बी१२ आलं ११८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. होमोसिस्टीन ४१. फोलेट मात्र वरच्या टोकाला, साहजिकच. हिमोग्लोबिन अगदी व्यवस्थित, त्यामुळे ऑफिसच्या वार्षिक तपासणीत कधी काही दिसलंच नव्हतं. बी१२च्या कमतरतेत रक्त ठीक आणि नसा खराब, असं होऊ शकतं. नसांचं नुकसान जास्त दिवस चाललं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. मिथाइलफोलेटच्या नादात गेलेले चार महिने मला तिथे मोजावेसे वाटले.

साध्या फॉलिक ॲसिडचा धोका थोडा वेगळा आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. बी१२ कमी असताना जास्त डोसचं फॉलिक ॲसिड घेतलं तर ॲनिमिया सुधारू शकतो, रिपोर्ट छान दिसतो आणि आत नसा बिघडत राहतात. म्हणून आधी बी१२ तपासायचं. पण याचा उलटा अर्थ काढू नका! मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं, हा सल्ला पक्का आहे. बाळाच्या मणक्यातले आणि मेंदूतले जन्मजात दोष त्याने टळतात, आणि एमटीएचएफआरचा रिपोर्ट काहीही असला तरी हा सल्ला बदलत नाही.

ही गोष्ट आपल्या घरची आहे

वाचायला लागल्यावर मला कळलं की या विषयाचे दोन मोठे धागे मुंबई-पुण्यातून जातात.

लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया व्हायचा. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येने कमी. कित्येकींचा त्यात जीव जायचा. विल्सने आहार बदलून बदलून बघितला आणि शेवटी गुण आला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अज्ञात पदार्थाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. तोच आपला फोलेट. फॉलिक ॲसिड हे नाव १९४१ मध्ये पडलं, पालकाच्या पानांवरून, कारण लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान.

दुसरा धागा पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचा. त्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले. २००६ मध्ये आकडे आले: ६७ टक्क्यांचं बी१२ कमी, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं. आणि सगळ्यात वाईट परिस्थिती कुणाची होती? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. म्हणजे माझ्या बाबांच्या पिढीची, माझ्याच शहरातली. ज्या घरात फ्रिज भरलेला आहे, त्या घरात.

त्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्या मातांचं गरोदरपणात बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. मधुमेहाकडे जाणारी ती पहिली पायरी. फोलेट एकटं वाढवून भागत नाही, ते इथेही.

सॅम्पल देताना काय सांभाळायचं?

आता घरी येऊन रक्त नेतात, ॲपवर स्लॉट बुक होतो. बी१२साठी ते चालतं. होमोसिस्टीनला मात्र जपून. रक्त काढल्यावरही नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात. रक्त तसंच बाहेर राहिलं तर आकडा दर तासाला साधारण दहा टक्के वाढू शकतो. सॅम्पल नेणारा दादा तुमच्यानंतर अजून सहा घरं करून मे महिन्याच्या उन्हात लॅबला पोचला, तर निरोगी माणसाचाही रिपोर्ट लाल येईल. नळी लगेच बर्फात ठेवणार का, हे विचारा. नाहीतर सरळ लॅबमध्ये जाऊन रक्त द्या. उपाशीपोटी गेलात तर उत्तम.

केसांसाठी बायोटिनच्या गमीज खाताय? लॅबला सांगा. मोठ्या डोसचं बायोटिन काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. बी१२ची गोळी किंवा इंजेक्शन आधी घेतलं असेल तर तेही सांगा, कारण मग रक्तातला आकडा फुगलेला दिसतो.

रिपोर्ट वाचताना एकक बघा. पिकोग्रॅममध्ये २०० च्या खाली म्हणजे कमी. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे होमोसिस्टीन किंवा एमएमए नावाची टेस्ट कामी येते. काही लॅब पिकोमोलमध्ये देतात, तिथे १५० ही साधारण तीच खालची रेषा. होमोसिस्टीन १५ मायक्रोमोलच्या आत हवं. ते वाढलंय म्हणजे बी१२च कमी असं मात्र नाही. थायरॉइड मंद असणं, किडनीचा त्रास, सिगारेट, खूप कॉफी, हेही त्याला वर नेतात.

मग सुधारायचं कसं?

पहिली गोष्ट, ‘मिथायलेशन वाढवा’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. डीएनएवर जास्त मिथाइल गट म्हणजे चांगलं असं काही नसतं. कॅन्सरच्या पेशीत काही ठिकाणी गट नको तितके बसलेले असतात आणि बाकी ठिकाणी गळून गेलेले असतात. आपल्या हातात आहे ते एवढंच की चाकाला लागणारा माल कमी पडू नये.

बी१२ची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. ते वनस्पतींमध्ये व्यवहारात नसतंच. स्पिरुलिनात असतं ते बी१२सारखं दिसणारं, पण आपल्याला न चालणारं रूप. इडली आंबवली म्हणून भरवशाचं बी१२ तयार होत नाही. मोठा पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, एका अंड्यात अर्ध्याच्या आसपास. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांची चैन आहे: बांगडा आणि तिसऱ्या यांत भरपूर असतं. शाकाहारी असाल तर दूध-दही खरोखर वाटीने खा, चहातल्या चमच्याने नाही. आणि कमतरता आधीच झालेली असेल तर नुसत्या दह्याने ती भरत नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन लागतं. गोळीवर ‘मिथाइल’ लिहिलेलं नसेल, सायनोकोबालामिन असेल, तरी चालतं. ते शरीरात बदलून वापरलं जातं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घरात कुणी वर्षानुवर्षं घेत असेल, तर त्यांचंही बी१२ तपासून घ्या. ही औषधं त्याचं शोषण कमी करतात.

फोलेटची आपल्याकडे तशी चणचण नाही. पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे. फक्त पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्याच पाण्यात जातं. बिटेन बीट, पालक आणि गव्हाच्या कोंड्यात मिळतं. एमटीएचएफआरच्या एन्झाइमला बी२ लागतं, तेही दुधात आहे. ज्यांच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत त्यांना बी२चा फायदा झाल्याचे प्रयोग आहेत, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही, बहुधा ते फार स्वस्त आहे म्हणून.

बी६ मात्र सांभाळून. ‘मिथायलेशन सपोर्ट’ नावाच्या डब्यांत ते अनेकदा मोठ्या डोसमध्ये असतं आणि जास्त बी६ दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात, त्याच मुंग्या येतात. डब्याची मागची बाजू वाचा.

होमोसिस्टीन खाली आणलं की हार्ट ॲटॅक टळतो, असाही दावा दिसेल. २००६ मध्ये होप-२ आणि नॉर्व्हिट हे दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरलं, पण हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. तेव्हा कमतरता भरून काढण्यासाठी घ्या, हृदयाचा विमा म्हणून नको.

आणि सिगारेट. एएचआरआर या जनुकावरची एक जागा ओढणाऱ्यांमध्ये इतकी ठळक बदलते की नुसत्या रक्तावरून माणूस ओढतो का, हे बऱ्यापैकी ओळखता येतं. सोडली की ती हळूहळू परत मूळ पातळीकडे सरकते. मिथायलेशन सुधारल्याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसऱ्या कुठल्या सवयीबाबत सापडला नाही.

मिथायलेशनची टेस्ट खरंच लागते कुठे?

कॅन्सरमध्ये. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत एमजीएमटी जनुक मिथायलेशनने गप्प झालंय का, हे बघतात. झालेलं असेल तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त चांगलं लागू पडतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी रक्तातल्या सेप्ट९ जनुकाचं मिथायलेशन तपासणाऱ्या टेस्टला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. या टेस्ट डॉक्टर सांगतात तेव्हाच होतात, रील बघून नाही.

किट आधीच केलंय? मग डेटाचं बघा

डीएनएचा पासवर्ड बदलता येत नाही. अमेरिकेतल्या २३अँडमी या कंपनीतून २०२३ मध्ये साधारण ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा आपला डेटा आता कुणाच्या हाती जाणार, म्हणून लोकांची तो डिलीट करायला धावपळ उडाली. शिवाय तुमचा डीएनए अर्धा तुमच्या भावा-बहिणीचाही असतो आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

तेव्हा ॲपमध्ये आधी कच्चा डेटा डाउनलोड करून घ्या. संशोधनासाठी दिलेली परवानगी काढा. मग खातं डिलीट करा. नुसतं ॲप अनइन्स्टॉल केल्याने काहीच डिलीट होत नाही. आणि लाळेचं सॅम्पल नष्ट करण्याची मागणी वेगळ्या ईमेलने करा, ती खात्याबरोबर आपोआप होतेच असं नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा पुसून मागण्याचा हक्क आहे, त्या कायद्याचं नाव ईमेलमध्ये घाला.

माझं सांगायचं तर तीन महिन्यांच्या उपचारानंतर होमोसिस्टीन १२ वर आलं. मुंग्या घोट्यावरून खाली उतरल्या, उजव्या पायाच्या दोन बोटांत अजून आहेत. ट्यूनिंग फोर्कची थरथर डाव्या अंगठ्याला कळते, उजव्याला अर्धवट. किट कंपनीने माझं खातं एकोणीस दिवसांनी बंद केलं. सॅम्पलबद्दलच्या ईमेलला अजून उत्तर आलेलं नाही.